शिंपले दिसतात, पण त्यांची पिल्ले?

संथ, उथळ नदीच्या वाळूवर बोटभर रुंदीची नागमोडी चरी दिसली, तर तिच्या टोकाशी शिंपला असण्याची शक्यता बरीच असते. त्याचा बहुतेक देह वाळूत रुतलेला असतो आणि शिंपांची मागची कड तेवढी वर राहते. तिथल्या फटीत दोन छिद्रे असतात. एकातून पाणी आत ओढले जाते आणि दुसऱ्यातून बाहेर पडते. मधल्या वाटेवर कल्ले त्या पाण्यातून प्राणवायू घेतात, शैवाल आणि जिवाणू गाळून घेतात, आणि नको असलेले कण बुळबुळीत द्रवात गुंडाळून तळावर टाकले जातात. मोठा शिंपला दिवसाला अनेक लिटर पाणी असे गाळतो. जिथे शिंपल्यांची दाट वस्ती असते तिथे पाणी नितळ राहण्यात आणि तळातील इतर जिवांना अन्न मिळण्यात त्यांचा वाटा मोठा असतो.

गोड्या पाण्यातील या मोठ्या शिंपल्यांचा गण युनिओनिडा या नावाने ओळखला जातो आणि त्यात सुमारे ९५० जाती मोडतात. उष्ण कटिबंधात जीववैविध्य सर्वाधिक, हा सर्वसाधारण नियम इथे सरळसरळ लागू पडत नाही, कारण सुमारे ३०० जाती एकट्या उत्तर अमेरिकेत आहेत आणि त्यांतील बहुतेक समशीतोष्ण नद्यांतील आहेत. त्यानंतर भारतापासून इंडोनेशियापर्यंतच्या उष्ण आशियाचा क्रमांक लागतो. तिथे २००हून अधिक जाती आहेत, आणि मेकाँगचे खोरे त्यासाठी विशेष प्रसिद्ध आहे. दक्षिण व मध्य अमेरिकेत जाती काहीशा कमी, आफ्रिकेत आणखी कमी आहेत.

हे आकडे अंतिम मात्र समजू नयेत. प्रवाहाच्या वेगानुसार आणि तळाच्या प्रकारानुसार एकाच जातीच्या शिंपांचा आकार बदलतो, त्यामुळे केवळ शिंपा पाहून नावे देणाऱ्या जुन्या अभ्यासकांनी एकाच जातीला अनेक नावे दिली, तर दिसायला सारख्या असलेल्या वेगळ्या जाती एकत्रही केल्या. पश्चिम घाटातील स्यूडोमुलेरिया डालयी हे याचे उत्तम उदाहरण आहे. हा शिंपला समुद्रातील कालवांप्रमाणे स्वतःला खडकाला कायमचा चिकटवून घेतो. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतही असे चिकटून राहणारे शिंपले आहेत, म्हणून तिघांना एकाच कुळात ठेवले गेले होते. जनुकीय तुलनेत मात्र भारतीय जातीचे खरे नातलग भारतीय नद्यांतील साधे, वाळूत राहणारे शिंपलेच निघाले. वेगवान पाण्यात टिकून राहण्याची एकच युक्ती निसर्गात एकाहून अधिक वेळा घडली होती.

शिंपल्यांच्या आयुष्यातील सर्वांत नाजूक टप्पा मात्र वाळूत नव्हे, माशाच्या अंगावर पार पडतो. मादी आपल्या कल्ल्यांतच भ्रूण वाढवते आणि पुढे हजारो, कधी लाखो, डिंभक (पिल्लू होण्याआधीच्या अवस्थेतील जीव) पाण्यात सोडते. बहुतेक आशियाई जातींचे डिंभक म्हणजे मिलिमीटरच्या अंशाएवढी दोन झडपांची पेटीच असते. माशाच्या कल्ल्याचा किंवा पराचा स्पर्श होताच ती पेटी मिटते, माशाची त्वचा तिच्यावर वाढते आणि त्या कोषात काही दिवस वा आठवडे राहून डिंभकाचे पिल्लू होते. आफ्रिकेतील म्युटेला या प्रजातीत तर डिंभक माशाच्या अंगात नळ्या रुजवून बांडगुळासारखा वाढतो. मासा चुकीच्या जातीचा असेल, तर त्याची प्रतिकारशक्ती या पाहुण्याला झटकून टाकते. स्वतःहून काही मीटर सरकणाऱ्या या प्राण्याला नदीच्या वरच्या अंगाला जायचे असेल, तर माशाच्या पाठीवरून जाण्यावाचून त्याला पर्याय नाही.

म्हणूनच धरणाचा घाव शिंपल्यांवर दोनदा बसतो. वरच्या बाजूला वाहते पाणी थांबून तळावर गाळ साचतो. आणि माशांची वाट अडली की शिंपल्यांची वाटही अडते. मेकाँगची उपनदी असलेल्या मुन नदीवर १९९४ मध्ये पाक मुन धरण पूर्ण झाले आणि स्थलांतर करणाऱ्या माशांच्या मार्गात अडसर उभा राहिला. अशा माशांवर अवलंबून असलेल्या शिंपल्यांची नवी पिढी तिथे कुठून यावी? वाळूउपशाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. तो घराबरोबर घरमालकालाही उचलून नेतो.

परके शिंपले ही आणखी एक अडचण आहे. पूर्व आशियातील सिनानोडोंटा वुडियाना हा शिंपला मत्स्यशेतीसाठी नेलेल्या माशांच्या अंगावर बसून इंडोनेशियापासून युरोपपर्यंत पोहोचला. यजमान, म्हणजे डिंभकांना अंगावर वाढवणारा मासा, निवडण्यात तो मुळीच चोखंदळ नाही, हेच त्याच्या यशाचे मर्म. दक्षिण अमेरिकेत १९९१ मध्ये प्रथम आढळलेला सोनेरी शिंपला धाग्यांनी स्थानिक शिंपल्यांच्याच शिंपांना चिकटतो आणि त्यांना उघडमीट करणेही कठीण करून टाकतो.

संवर्धनाचा विचार करताना शिंपल्यांचे दीर्घायुष्यच फसवे ठरते, असे मला वाटते. अनेक जाती दशकभर किंवा त्याहून अधिक जगतात. त्यामुळे यजमान मासा नाहीसा झाल्यावरही प्रौढ शिंपले वर्षानुवर्षे दिसत राहतात आणि पाहणीच्या कागदावर वस्ती जिवंत असल्याची नोंद होते. पाण्याच्या नमुन्यातील डीएनए तपासून जात तिथे आहे की नाही, हे आता कळू शकते, पण त्यावरून तिथल्या शिंपल्यांचे वय कळत नाही. त्यासाठी तळावर चौकट ठेवून तिच्यातील वाळू काही सेंटिमीटर खोलीपर्यंत उपसावी लागते, बारीक चाळणीतून धुवावी लागते आणि चाळणीत उरलेले नखाएवढे शिंपले एकेक करून मोजावे लागतात.