चर खणण्याआधी आम्हाला विचारा

"कॅमेऱ्यात पट्टे फिरतायत, डीव्हीआर (रेकॉर्डिंगचा डबा) बदलून द्या." "इंटरकॉमवर नुसता घूंऽऽ आवाज येतो." शेतावरून किंवा शेडवरून असा फोन आला की आमचा पहिला प्रश्न ठरलेला : जवळून विजेची टॉवर लाइन जाते का?

आधी एक चाचणी घरच्या घरी करा. कॅमेरा उतरवून डीव्हीआरशेजारी आणा आणि दोन मीटर केबलने जोडा. चित्र स्वच्छ आलं, तर दोन्ही वस्तू ठणठणीत आहेत. दोष मधल्या केबलचा.

होतं असं, की १३२ केव्ही लाइनखालचा साधारण २७ मीटरचा पट्टा बांधकामाला चालत नाही, म्हणून मोकळा असतो. आम्ही पोचायच्या आधीच जेसीबी बोलावून तिथून सरळ चर मारलेला असतो. केबल दोन-तीनशे मीटर लाइनच्या बरोबरीने धावते आणि वरच्या तारांतला ५० हर्ट्‌झचा प्रवाह तिच्यात व्होल्टेज उतरवतो. समांतर लांबी दुप्पट, तर व्होल्टेजही दुप्पट. पीव्हीसी पाइप घाला नाहीतर चर हातभर खोल न्या, फरक पडत नाही. चुंबकीय क्षेत्र माती आणि प्लास्टिक दोन्ही जुमानत नाही. तीच केबल लाइनला काटकोनात ओलांडून दूरच्या बांधाने नेली, तर त्रास फारसा उरत नाही. आमच्या कोटेशनमध्ये केबल जास्त दिसते ती या वळशामुळे. मीटर वाढवून बिल फुगवायचा धंदा आम्ही करत नाही.

कोअ‍ॅक्सची जाळी (कॅमेऱ्याच्या केबलीतलं तारांचं आवरण) लोखंडी खांबाला टेकू देऊ नका. खांबावर प्लास्टिकचा बॉक्स लावा.

इंटरकॉमच्या जोडीतल्या दोन तारा पीळ दिलेल्या असतात. दोन्हींत सारखंच व्होल्टेज येतं, म्हणून ते ऐकू येत नाही. मध्येच दुकानातली चपटी वायर जोडली, किंवा जॉइंटमध्ये पाणी शिरून एक तार जमिनीला लागली, की घूं सुरू. पावसाळ्यात तक्रारी वाढतात त्या जॉइंटमुळे.

लाइनवर अर्थ फॉल्ट झाला, म्हणजे तिचा प्रवाह जमिनीत गेला, तर मामला आवाजापुरता राहत नाही. टेलिफोन तारांसाठी आपल्याकडे अशा वेळी ४३० व्होल्टची मर्यादा धरतात आणि ११ केव्हीपासून वरच्या लाइनींना पीटीसीसीची (वीज आणि दूरसंचार खात्यांच्या समन्वय समितीची) मंजुरी लागते. तुमच्या खाजगी केबलचा हिशेब मात्र कुणी मांडत नाही.

समांतर जाण्यावाचून इलाजच नसेल, तर फायबर. काचेत काही उतरत नाही. पण स्वस्त फायबर केबलीत आधाराला स्टीलची तार असते, तिच्यात उतरतं. अशा जागी आम्ही बिनधातूची केबलच लावतो. दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (प्रकाशाचा विजेचा सिग्नल आणि उलट करणारा डबा) आणि त्याला वीज लागते, हा खर्च आधीच धरा.

जेसीबी सांगण्याआधी जागेचं लोकेशन आणि हाताने काढलेला नकाशा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. त्याचे पैसे नाहीत. पाहणीचे पैसे काम दिल्यास बिलातून वजा होतात. पुरलेल्या केबलीतला दोष शोधण्याचा आकार वेगळा, कारण त्यात आमचा अर्धा दिवस जातो.