विंचवाचं बिऱ्हाड पेटीत

पाळलेल्या विंचवाची पेटी उघडण्याआधी आत कोण कुठे बसलंय ते बघून घ्यायचं, हा पहिला नियम. त्यासाठी खोलीतला दिवा मालवतात आणि अतिनील टॉर्च मारतात. एरवी डोळ्यांसमोर असून न दिसणारा वाळूच्या रंगाचा विंचू हिरवा-निळा चमकायला लागतो. त्याच्या कवचातल्या काही रसायनांचा हा गुण. स्पिरिटमध्ये वर्षानुवर्षं ठेवलेला मेलेला विंचूसुद्धा असाच चमकतो. चमकत नाही तो फक्त नुकतीच कात टाकलेला. घोटाळा होतो तो इथेच, कारण टाकलेली कात मात्र झकास चमकते. टॉर्चच्या उजेडात कोपऱ्यात विंचू दिसला म्हणून निर्धास्त व्हावं, तर ती रिकामी कात निघते आणि खरा विंचू, मऊ आणि फिकट, नेमका आपला हात जाणार तिथे बसलेला असतो.

हे सगळं ज्याच्यासाठी चाललंय तो पिवळा विंचू म्हणजे लेयुरस क्विन्क्वेस्ट्रायटस. इजिप्त, सुदान आणि सहाराच्या कोरड्या पट्ट्यातला. १८२८ साली एरेनबर्ग या जर्मन निसर्गतज्ज्ञाने त्याचं वर्णन केलं. लोक त्याला ‘डेथस्टॉकर’ म्हणतात, म्हणजे दबा धरून येणारा मृत्यू. नावात नाटक जास्त आहे. तो कुणाच्या मागे लागत नाही, दगडाखाली पडून असतो. पण विष खरोखर जहाल. त्याचे पुढचे चिमटे बघा, अगदी काडीसारखे बारीक. ज्याचे चिमटे दणकट तो भक्ष्य चेपून मारतो, ज्याचे किडकिडीत तो नांगीवर विसंबतो, असा एक ढोबळ आडाखा आहे. आपल्याकडेही भली मोठी काळी इंगळी बघून माणसं किंचाळतात, पण जीव घेतो तो लहानखुरा तांबडा विंचू.

वाळवंटी विंचू हा कमालीचा कंजूष प्राणी. अंगावर मेणाचा थर, त्यामुळे पाणी उडून जात नाही. शरीरातला टाकाऊ नायट्रोजन तो ग्वानिनच्या रूपात, जवळजवळ कोरडाच बाहेर टाकतो. ऊर्जा एवढी जपून वापरतो की एकदा पोटभर खाल्लं की महिनोन्महिने उपाशी राहू शकतो. पाणी बरंचसं भक्ष्यातूनच मिळवतो. अशा प्राण्याला पेटीत उपासापेक्षा लाडच जास्त नडतात. रोज पाणी शिंपडलं, ओल धरली, की बुरशी येते, कीड होते, कात टाकणं बिघडतं. मुंबईच्या जुलैतली हवा त्याला कशी मानवेल याचा अंदाज कपाटातल्या चपलांवरची बुरशी बघून कुणालाही यावा. छोट्या झाकणात थोडं पाणी, आठवड्या-दोन आठवड्यांनी एखादा रातकिडा, एवढं पुरतं. खाल्ला नाही तर तो रातकिडा काढून घ्यायचा. कात टाकताना विंचू अंग मऊ पडून असहाय असतो, आणि तेव्हा उपाशी रातकिडा त्यालाच कुरतडतो. इतकं विष नांगीत असून काही उपयोग नाही.

पेटीत वाळू, थोडी माती आणि चपटे दगड घालतात. ऊब द्यायची तर एका बाजूने. तिशीच्या आसपास तापमान, दुसरी बाजू थोडी थंड. पेटीखाली तापणारी गादी ठेवणं सोयीचं वाटतं, पण ते त्याच्या मुळावर येतं. वाळवंटात ऊन वरून येतं. उकडलं की खाली उकरत जायचं, एवढंच त्याला कळतं. खालून तापवलेल्या पेटीत तो गारवा शोधत शोधत आगीकडेच जातो.

गुळगुळीत काचेवर त्याचे पाय धरत नाहीत. मात्र कोपऱ्यात काचा जोडणारी सिलिकोनची रेघ असते, तिला धरून तो सरळ वर येतो. म्हणून झाकणाला कडी, पेटीभोवती आणखी एक पेटी, आणि हातात लांब फोर्सेप्स. एका पेटीत एकच विंचू, कारण शेजारी हेही त्याच्या लेखी भक्ष्यच.

‘विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर’ आपण फिरस्त्या माणसाला म्हणतो, पण म्हण आली ती विंचवीवरून. ती अंडी घालत नाही. पांढुरकी पिल्लं जन्मतात आणि एकेक करून तिच्या पाठीवर चढतात. पिल्लं आईला पोखरून खातात, असं गावाकडे सांगतात. तसं काही नाही. पहिली कात टाकेपर्यंत ती काहीच खात नाहीत, अंगातल्या शिदोरीवर जगतात. उलट पेटीला सारखे धक्के बसले, आई बिथरली, तर तीच पिल्लं खाते. त्या दिवसांत पेटीकडे फिरकायचं नाही.

एवढा खटाटोप मुख्यतः विषासाठी. नांगी हलकेच धरून विजेचा सौम्य झटका देतात, टोकाशी थेंब येतो. मिलिग्रॅमचाही अंश. इथेही कंजुषी आहेच. दक्षिण आफ्रिकेतल्या पॅराब्युथस विंचवाचा पहिला थेंब पाण्यासारखा स्वच्छ असतो, असं २००३ मध्ये संशोधकांनी दाखवलं. त्यात पोटॅशियमचे क्षार भरपूर. झोंबायला तेवढे पुरतात. प्रथिनांनी भरलेलं, बनवायला महागाचं गढूळ विष त्यानंतर येतं. स्वस्तात भागत असेल तर खजिना कशाला उघडायचा! पिवळ्या विंचवाच्या विषात क्लोरोटॉक्सिन सापडलं ते १९९३ मध्ये. ३६ अमिनो आम्लांचं हे चिमुकलं प्रथिन मेंदूच्या काही गाठींच्या पेशींना चिकटतं. त्याला चमकणारं रसायन जोडून शस्त्रक्रियेत गाठीची कड डॉक्टरांना दिसावी, अशा चाचण्या अमेरिकेत रुग्णांवर झाल्या आहेत.

दंशानंतर हे विष मज्जातंतूंमधल्या सोडियमच्या वाटा बंद होऊ देत नाही. मज्जातंतू पेटून उठतात, रक्तदाब चढतो, हृदय थकतं, फुफ्फुसात पाणी भरतं. धडधाकट माणूस बहुधा वाचतो, लहान मुलाची शाश्वती नसते. आपल्या तांबड्या विंचवाचं विषही याच वाटेने मारतं, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी त्यावर प्राझोसिन हे रक्तदाबावरचं औषध वापरून कोकणातले कित्येक जीव वाचवले. पण प्रतिविषाची गोष्ट वेगळी. आपल्याकडचं प्रतिविष तांबड्या विंचवासाठी बनतं, सहाराच्या विंचवाला ते लागू पडेलच असं नाही. आणि सहाराच्या विंचवाचं प्रतिविष घराजवळच्या दवाखान्यात कुठून असणार? ब्रिटनमध्ये १९७६ च्या धोकादायक वन्यप्राणी कायद्यानुसार या कुळातला विंचू परवान्याशिवाय पाळता येत नाही, ते उगीच नाही.

म्हणून पेटीवर पूर्ण शास्त्रीय नाव आणि तो विंचू मूळ कुठला, हे दोन्ही लिहून ठेवतात. दंश झालाच तर डॉक्टर आधी तेच विचारतात. त्यातही एक गोम आहे. २०१४ मध्ये या वंशाची फेरतपासणी झाली आणि आणखी चार नव्या जाती नोंदवल्या गेल्या. त्याआधी लिहिलेल्या चिठ्ठीवरचं क्विन्क्वेस्ट्रायटस हे नाव आतल्या विंचवाचंच असेल, याची खात्री नाही.