डेटाची मालकी

वैयक्तिक किंवा व्यावसायिक माहितीवर जमीनजुमल्यासारखी मालकी सांगता येते का, यावरचा कायद्यातील वाद. ‘माझा डेटा’ असे आपण सर्रास म्हणतो, पण बहुतेक देशांच्या कायद्यांत नुसत्या माहितीला मालमत्ता मानलेले नाही. वस्तू दिली की हातातून जाते. माहितीची नक्कल दिली तरी मूळ जागेवरच राहते. शिवाय एकाच फोन कॉलची नोंद ही फोन करणाऱ्याची, तो घेणाऱ्याची आणि दूरध्वनी कंपनीचीही असते.

इंग्लंडमधला २०१४ चा ‘युवर रिस्पॉन्स विरुद्ध डेटाटीम’ हा निकाल यात फार बोलका आहे. वर्गणीदारांची यादी सांभाळणाऱ्या कंपनीने बिल थकले म्हणून प्रकाशकाचा डेटाबेस अडवून धरला. दुरुस्तीचे पैसे मिळेपर्यंत गॅरेजवाला गाडी ठेवून घेतो, तसाच हक्क तिने मागितला. अपील न्यायालयाने तो नाकारला: असा धारणाधिकार प्रत्यक्ष ताब्यात घेता येईल अशा वस्तूवरच चालतो.

मालकी नसली तरी संरक्षण आहे, तेही तुकड्यातुकड्यांनी. नुसत्या तथ्यांना कॉपीराइट नाही, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये टेलिफोन डिरेक्टरीच्या खटल्यात (‘फाइस्ट’) स्पष्ट केले. युरोपीय संघात मोठा खर्च करून जमवलेल्या डेटाबेसला १५ वर्षांचा वेगळा हक्क मिळतो. व्यापारी गुपित मात्र गुप्त राखण्याची खटपट केली असेल तरच टिकते. उदाहरणार्थ, ग्राहकांची यादी सगळ्या कर्मचाऱ्यांना खुली ठेवली, तर दावा लंगडा पडतो.

व्यक्तीच्या बाबतीत युरोपीय संघाच्या जीडीपीआर या वैयक्तिक माहिती-संरक्षणाच्या कायद्याने (लागू २५ मे २०१८) मालकीचा शब्दच टाळला आणि पाहणे, दुरुस्त करणे, पुसायला लावणे, दुसरीकडे नेणे हे हक्क दिले. विनंतीला साधारणपणे एका महिन्यात उत्तर द्यावे लागते. आमच्या मते हाच मार्ग योग्य, कारण मालकी विकता येते आणि गरजू माणूस ती आधी विकून बसेल. उणीवही आहे: दुसरीकडे नेण्याचा हक्क आपण पुरवलेल्या माहितीपुरताच असतो. तिच्यावरून कंपनीने काढलेले अंदाज, उदाहरणार्थ पतगुणांक (क्रेडिट स्कोअर), त्यात येत नाहीत.

व्यवसायांमधला बहुतेक प्रश्न करारातच सुटतो किंवा चिघळतो. ‘सर्व डेटा ग्राहकाचा’ हे एक वाक्य पुरत नाही. करार संपल्यावर डेटा कोणत्या फाइल-स्वरूपात, किती दिवसांत परत मिळणार, बॅकअपमधल्या प्रती कधी पुसणार आणि त्यावर बेतलेली आकडेवारी कोण वापरणार, हे आधीच लिहून घ्यावे लागते. यातले शेवटचे कलम बहुधा राहून जाते, आणि पुढे भांडण त्यावरच पेटते.