जुन्या फियाटचा रंग आणि मुंबईची दमट हवा

जुनी गाडी रंगवायला टाकण्याआधी एक छोटी कसोटी घ्यावी. डिकीच्या झाकणाखाली, जिथे सहसा नजर जात नाही अशा कोपऱ्यात, एनसी थिनरमध्ये, म्हणजे लॅकर पातळ करायच्या जहाल द्रावकात, भिजवलेला कापसाचा बोळा मिनिटभर दाबून धरायचा आणि मग घासायचा. कापसावर रंग उतरला, तर वरचा थर लॅकरचा आहे. रंग फुगून त्याला सुरकुत्या पडल्या, तर तो हवेत वाळलेला इनॅमल. आणि काहीच झाले नाही, चकाकी तशीच राहिली, तर बहुधा हार्डनर (रंग घट्ट करणारे वेगळे रसायन) घातलेला पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, किंवा भट्टीत भाजलेला रंग. पेंटरशी रंगाच्या छटेबद्दल बोलण्याआधी हे कळलेले बरे. नव्या लॅकरचा जहाल थिनर जुन्या इनॅमलमध्ये शिरला, की सगळे बॉनेट सुरकुतते आणि पुन्हा पत्र्यापर्यंत घासण्यावाचून उपाय राहत नाही.

आपल्याकडच्या फियाटमालकांना हे विशेष लागू आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेली फियाट ११०० डिलाइट आणि १९७४ पासून ‘पद्मिनी’ नावाने विकली गेलेली तिचीच आवृत्ती, या गाड्या आता हौशी लोकांच्या दारातच दिसतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची काळी-पिवळी पद्मिनीही गेली. अशा गाडीवर बहुतेक वेळा दोन-तीन पिढ्यांच्या पेंटरांचे हात फिरलेले असतात. दारावर एका जातीचा रंग, मडगार्डवर दुसऱ्या, आणि खाली लांबीचे, म्हणजे खड्डे बुजवायच्या पुट्टीचे, थर. म्हणून कसोटी एकाच जागी घेऊन भागत नाही, प्रत्येक भागावर घ्यावी लागते.

‘रंग वाळला’ असे आपण म्हणतो तेव्हा प्रत्यक्षात तीन अगदी वेगळ्या गोष्टी घडत असतात.

लॅकरमध्ये फक्त थिनर उडून जातो. मागे राहतात ते नायट्रोसेल्युलोजचे (एनसीचे) लांबलचक रेणू, एकमेकांत गुंतलेले, पण रासायनिक बंधाने जोडलेले नव्हेत. त्यामुळे वर्षांनंतरही थिनर लावला की ते पुन्हा विरघळतात, आणि नवा हात जुन्यात मिसळून एकजीव होतो. १९२३ मध्ये अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीचा ‘ड्युको’ हा असा रंग ओकलंड गाड्यांवर आला. त्याआधी तेल-व्हार्निशच्या रंगाने एक गाडी पुरी व्हायला कित्येक दिवस, कधी आठवडे लागत. ड्युकोने ते काम तासांवर आणले आणि रंगीत गाड्या कारखान्यातून झपाट्याने निघू लागल्या. आपल्याकडचे पेंटर आजही सर्रास ‘ड्युको मारू’ म्हणतात ते त्याच नावावरून.

इनॅमल दोन टप्प्यांत वाळतो. आधी थिनर उडतो, मग त्यातला तेलाचा अंश हवेतला ऑक्सिजन शोषून घेतो आणि रेणूंचे जाळे विणले जाते. हे विणकाम हाताला रंग कोरडा लागल्यावरही आठवडेच्या आठवडे चालू राहते. जाळे अर्धवट किंवा सैल असेल आणि त्यावर जहाल थिनर पडला की वर सांगितलेल्या सुरकुत्या येतात.

पीयूमध्ये हवेची गरज नसते. डब्यातल्या रेझिनमधले (रंगाचा थर बनवणाऱ्या चिकट घटकातले) हायड्रॉक्सिल गट आणि हार्डनरमधले आयसोसायनेट गट एकमेकांना धरतात आणि कायमचे जोडले जातात. हे जाळे एकदा पक्के झाले की थिनरला दाद देत नाही. आज बहुतेक गॅरेजमध्ये हाच रंग मारतात.

आता पावसाळा. जाणता पेंटर साधारण जून ते सप्टेंबर उघड्या शेडमध्ये गाडी रंगवायला घेत नाही. गिऱ्हाईक मागे लागले तरी नाही. त्याचे हे नाही म्हणणे भौतिकशास्त्राच्या कसोटीला पुरेपूर उतरते.

जुलैतल्या एखाद्या दिवशी हवा २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के धरा. अशा हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातली वाफ पाणी होऊन जमू लागते तो, २५ अंशांच्या आसपास असतो. म्हणजे पत्रा जेमतेम तीन अंश थंड झाला की त्यावर पाणी जमणार. आणि लॅकर मारताना पत्रा थंड होतोच, कारण थिनर उडताना उष्णता शोषून घेतो; सॅनिटायझर चोळल्यावर तळहात गार पडतो तसे. स्प्रे गनमधून निघालेला रंग पत्र्यावर पसरतो, काही सेकंदांत त्याचे तापमान दवबिंदूखाली जाते आणि ओल्या थरावर डोळ्यांना न दिसणारे पाण्याचे थेंब बसतात. नायट्रोसेल्युलोज पाण्यात विरघळत नाही, ते तिथल्या तिथे साकळते. पाणी उडाल्यावर थरात बारीक पोकळ्या राहतात, त्यांवर उजेड सर्व दिशांना विखुरतो आणि काळे बॉनेट दुधाळ दिसू लागते. जानेवारीत ३० अंश आणि ४० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू १५ अंशांवर असतो. हातात १५ अंशांची मोकळीक असते, आणि तोच पेंटर त्याच थिनरने आरशासारखा रंग काढतो. रंगकामातला सर्वमान्य नियम असा की पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान तीन अंशांनी जास्त हवे. जुलैतल्या आपल्या हिशेबात ती सगळी शिल्लक रंग मारण्याआधीच संपलेली असते.

लॅकरचे एक बरे, हा डाग पुसता येतो. कोरड्या दिवशी सावकाश उडणाऱ्या थिनरचा, म्हणजे रिटार्डरचा, हलका हात मारला की थर पुन्हा विरघळतो, पोकळ्या बुजतात आणि पांढुरकेपणा जातो. पीयूमध्ये ही सोय नाही. दमट हवेत आयसोसायनेट रेझिनऐवजी पाण्याशीच भिडते आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो. तो वायू वाळत्या थरात अडकून बारीक फोड आणि सुईच्या टोकाएवढी भोके करतो. जाळे पक्के झालेले असते, म्हणून घासून काढण्याशिवाय इलाज नाही. ‘पीयूला पावसाचे काही नाही’ असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका.

त्याच हार्डनरबद्दल एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. स्प्रे गनमधून उडणारे आयसोसायनेट श्वासात गेले तर दमा होऊ शकतो, आणि एकदा शरीर त्याला संवेदनशील झाले की पुढे अगदी थोड्या मात्रेनेही झटका येतो. धोक्याच्या पातळीवरही त्याचा वास येईलच असे नाही, त्यामुळे नाक सावध करत नाही. तोंडाला बांधलेल्या रुमालाचा इथे काडीचा उपयोग नाही, आणि साध्या कार्बन मास्कच्या भरवशावरही राहता येत नाही. बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्क लागतो. गाडीवर हजारो रुपये खर्च करणाऱ्या मालकाने पेंटरच्या तोंडावर काय आहे हे विचारलेच पाहिजे, आणि मास्कचा खर्च बिलात आला तर घासाघीस करू नये.

रंगाखालच्या पत्र्याचे शास्त्र त्यामानाने सरळ आहे. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून तो रंगाला खालून उचलतो आणि फोड दिसतो. फोड दिसतो त्यापेक्षा गंज नेहमी जास्त पसरलेला असतो, आणि समुद्राकाठच्या गाडीत मीठ सांध्यांत बसून त्याला खतपाणी घालते. म्हणून फोडाभोवती चांगला दिसणारा पत्राही हातभर उघडा करून पाहावा. लोहचुंबक कुठे चिकटत नसेल तर तिथे पत्र्याऐवजी लांबीच आहे असे समजावे. कारखान्यातला रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड असतो. जाडी मोजणारे यंत्र हजारच्या वर आकडा दाखवू लागले की खाली लांबीचा जाड थर आहे, बहुधा जुन्या अपघाताची किंवा गंजाची दुरुस्ती.

आणि जिथे मूळ रंग घट्ट बसलेला आहे, गंज नाही, तिथे तो खरवडू नये असे माझे स्पष्ट मत आहे. फिकट झालेला रंग बफिंगने बराच उजळतो, कारण उन्हाने मोडलेला थर अगदी वरचाच असतो. शिवाय मूळ छटेचा खरा नमुनाही तोच. डॅशबोर्डच्या मागे किंवा दाराच्या रबराखाली ऊन न लागलेला तुकडा सापडतो. छटा तिथूनच घ्यावी आणि जुळली की नाही ते उन्हातही पाहावे. ट्यूबलाइटखाली एकसारखे दिसणारे दोन रंग उन्हात वेगळे दिसू शकतात, कारण त्यांतली रंगद्रव्ये निराळी असतात आणि उजेडाचा निराळा भाग परत पाठवतात.

गाडी घरी आल्यावर पहिला महिना-दीड महिना मेणाचे पॉलिश लावू नये आणि घट्ट प्लॅस्टिकचे कव्हर घालू नये. हात लावून रंग कोरडा वाटला तरी आत उरलेला थिनर अजून बाहेर पडत असतो.