स्वस्त एअर रायफलला कोणता छर्रा मानवतो?

एअर रायफल विकताना दुकानदार आधी वेग सांगतो, आणि खोक्यावरही तोच आकडा मोठा छापलेला असतो. नेमाच्या दृष्टीने तो आकडा फारसा कामाचा नाही. अनेकदा तो अतिशय हलका छर्रा झाडून काढलेला असतो, आणि असा छर्रा कागदावर क्वचितच चांगला बसतो.

आपल्याकडे परवान्याशिवाय मिळणाऱ्या एअर रायफलला दोन मर्यादा आहेत: नळीचं भोक 4.5 मिलिमीटरचं आणि छर्ऱ्याची ऊर्जा 20 जूलपर्यंत. 0.53 ग्रॅमच्या छर्ऱ्याला 20 जूल दिले तर तो सेकंदाला सुमारे 275 मीटर वेगाने निघेल. स्वस्त स्प्रिंग रायफल (स्प्रिंगने पिस्टन ढकलून हवा दाबणारी) बहुतेक वेळा याच्या बरीच खाली असते, आणि त्यात काही बिघडत नाही. ऑलिंपिकच्या 10 मीटर स्पर्धेतल्या लाखोंच्या रायफलीही सेकंदाला 170 ते 175 मीटरच्या आसपासच मारतात, म्हणजे जेमतेम आठ जूल. वेग वाढवण्याच्या नादात छर्रा ध्वनीच्या वेगाजवळ गेला (ठाण्याच्या 30 अंशांच्या हवेत तो सुमारे 349 मीटर) की त्याच्याभोवतीचा हवेचा दाब बदलतो आणि तो डुलू लागतो. तेव्हा वेगापेक्षा वजन आणि माप पाहा.

छर्ऱ्याचा आकार मुद्दाम तसा आहे: पुढे जड डोकं, मध्ये बारीक कंबर, मागे पोकळ घेर. बॅडमिंटनच्या शटलसारखा तो मागच्या घेराच्या अवरोधाने सरळ राहतो. नळीतल्या पिळाने, म्हणजे आत कोरलेल्या वळणदार खाचांनी, मिळालेली फिरकी त्यात भर घालते. नळीत डोकं पिळाच्या उंचवट्यांवर टेकतं, घेर हवेच्या दाबाने फुगून मागची फट बंद करतो. डोकं सैल असेल तर छर्रा किंचित तिरका जातो, आणि घेर चेपलेला असेल तर एका बाजूने हवा निसटते. म्हणून चांगल्या डब्यावर डोक्याचं माप लिहिलेलं असतं: 4.49, 4.50, 4.51, 4.52. मिलिमीटरचा शंभरावा भाग इथे खरोखर फरक पाडतो.

तुमच्या नळीला यातलं कोणतं माप लागेल, हे मारून पाहिल्याशिवाय कळत नाही. एकाच मॉडेलच्या दोन नळ्याही वेगवेगळ्या वागतात, म्हणून मित्राचा आवडता डबा तुमच्याकडे हमखास चालेल असं नाही. तीन-चार प्रकारचे छोटे डबे आणा. 10 मीटरसाठी सपाट डोक्याचे, साधारण 0.53 ग्रॅमचे (डब्यावर 8.2 ग्रेन): आरडब्ल्यूएस माइस्टरकुगेल्न किंवा एचअँडएन फिनाले मॅच. थोड्या लांबसाठी गोल डोक्याचे, जसे जेएसबी एक्झॅक्ट, 8.44 ग्रेन. त्यात एक देशी डबाही ठेवा, कारण कधीकधी तोच जिंकतो. टोकदार आणि पोकळ डोक्याच्या छर्ऱ्यांवर, निदान कागदावरच्या नेमासाठी, पैसे घालवू नका. पोलादी गोळ्या तर नकोच, त्या पीळ झिजवतात आणि भिंतीवरून परत येतात.

चाचणी अशी करा. रायफलचा दस्ता मऊ पिशवीवर ठेवा, नळी कशालाही टेकू देऊ नका. प्रकार बदलला की आधी पंधरा-वीस छर्रे मोजणीबाहेर मारा, कारण नळीतला आधीच्या शिशाचा थर बदलायला तेवढे लागतात. मग प्रत्येक प्रकाराचे दहा-दहाचे दोन ग्रुप, म्हणजे एकाच निशाणावर मारलेले दहा फटके. तीन फटक्यांच्या ग्रुपवर विश्वास ठेवू नका. तीन भोकं योगायोगानेही एकाला एक लागून पडतात, आणि फटके वाढले की पसारा वाढतोच. सर्वांत दूरच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर मोजून त्यातून 4.5 मिलिमीटर वजा करा. सपाट डोकं कागद स्वच्छ कापतं, त्यामुळे मोजणं सोपं जातं. दहा फटके 12 मिलिमीटरच्या आत आले तर स्वस्त रायफलसाठी ते उत्तम. 25 च्या पुढे गेले तर छर्ऱ्याआधी रायफल तपासा.

तपासायचं काय? आधी दस्त्याचे स्क्रू. स्प्रिंग रायफल त्यांना सतत सैल करते. घोडा दाबल्यावर पिस्टन पुढे झेपावतो तेव्हा रायफल मागे सरकते, पिस्टन थांबतो तेव्हा ती पुढे धक्का खाते, आणि हे छर्रा नळीतून बाहेर पडण्याआधीच घडायला लागलेलं असतं. पकड घट्ट असेल तर दर फटक्याला धक्क्याची दिशा बदलते. म्हणून पुढचा हात उघडा, तळव्यावर रायफल नुसती टेकवलेली, आणि तळवा दर वेळी त्याच जागी. साधी दुर्बीण या दुहेरी धक्क्याने लवकर खिळखिळी होते. एअर रायफलसाठीच बनवलेली आणि 10 मीटरवर फोकस होणारी घ्या, नाहीतर डोळा हलला की निशाणही हलतं.

नळी मोडून भरायच्या रायफलीत सांध्याचा रबरी रिंग तपासा. सांध्यावर टिश्यू पेपरची पातळ पट्टी ठेवून मारा. पट्टी उडाली तर हवा गळते. भरताना एका हाताने नळी घट्ट धरा, बोटं सांध्यात असताना ती सुटली तर हाड मोडेल. छर्रा न घालता कधीच मारू नका, हवेची गादी नसल्याने पिस्टन थेट आदळतो.

नळीत शिवणयंत्राचं किंवा खोबरेल तेल सोडण्याची सवय फार नडते. दाबलेली हवा इतकी तापते की तेल पेटतं, धूर येतो, वेग वरखाली होतो आणि पिस्टनचं वॉशर जळतं. 170 मीटर वेगाचा छर्रा 10 मीटरवर सुमारे 1.7 सेंटिमीटर खाली येतो. वेग दोन टक्के घसरला की आणखी 0.7 मिलिमीटर. 25 मीटरवर हाच फरक सहा पटींहून मोठा. आणि 10 मीटरच्या अधिकृत लक्ष्यावर दहाचा ठिपका 0.5 मिलिमीटरचाच असतो.

डबा मिळाला की छर्रे निवडा. काचेच्या सपाट तुकड्यावर प्रत्येक छर्रा घरंगळवा. तो वर्तुळाच्या कमानीत जातो. ज्यांची कमान वेगळी, त्यांचं डोकं किंवा घेर वेगळ्या मापाचा, ते बाजूला. वजन करायचं तर मिलिग्रॅम दाखवणारा काटा लागेल, 0.01 ग्रॅमच्या स्वयंपाकघरी काट्याला हा फरक दिसत नाही. चेपलेले घेर डोळ्यांनीच वेगळे करा.

हा सगळा सराव सोसायटीच्या गच्चीत किंवा गॅलरीत नको. पनवेलला ऑलिंपियन नेमबाज सुमा शिरूर यांचा लक्ष्य शूटिंग क्लब आहे, वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज. घरातच मोकळे 10 मीटर असतील तरी मागे कलत्या पोलादी पत्र्याची पेटी, डोळ्यांवर चष्मा आणि त्या दिशेला दार नसलेली भिंत एवढं हवंच. पक्ष्यांवर नेम धरणं वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली गुन्हा ठरू शकतं.

ठाणे-नवी मुंबईच्या पावसाळ्यात उघड्या डब्यातल्या शिशावर पांढरी भुकटी धरते, लाकडी कपाटात आणखी लवकर. डबा सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा. भुकटी धरलेले छर्रे नळीत घालू नका, आणि कोणतेही छर्रे हाताळल्यावर जेवणाआधी हात साबणाने धुवा.