ज्वारी आमची, दळण कोपऱ्यावरचं
(सिलिअ‍ॅक, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनाने आतड्याला इजा होण्याचा आजार, असलेल्या मुलांच्या आईवडिलांसाठी)

गहू, जव आणि राय बंद, हे डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलेलं आहे. ते पुन्हा लिहीत नाही. आम्ही गहू न दळणारी गिरण चालवतो, आणि हे पत्रक छापलं ते एका फोनमुळे. दर पंधरा दिवसांनी तो येतो, फक्त आवाज वेगळा असतो: "ज्वारी तुमचीच आणतो, पोराला पोळी दाखवतसुद्धा नाही, तरी टीटीजी (सिलिअ‍ॅकच्या रक्ततपासणीतला आकडा) उतरत नाही. तुमच्या ज्वारीत काही असेल का?"

आम्ही विचारतो, दळता कुठे?

"कोपऱ्यावरच्या गिरणीत. पण समोर उभं राहून साफ करून घेतो."

"गव्हावर गहू टाका हो, ज्वारीवर नको" हे आपण सगळेच गिरणीत म्हणत आलो आहोत. आधीच्या दळणाचं पीठ दगडांत आणि खालच्या कापडी नळीत राहतं हे ठाऊक असतं म्हणूनच ना? पोळ्या काळपट होतात म्हणून तिथे आपण जागरूक असतो. ज्वारीत गहू आला तर मात्र काहीच कळत नाही, उलट भाकरी जरा बरी थापली जाते.

आता हिशोब बघा. 'ग्लूटेन फ्री' लिहायचं तर एफएसएसएआयच्या (सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) नियमाप्रमाणे किलोमागे ग्लूटेन २० मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. गव्हाच्या पिठात साधारण दहावा हिस्सा ग्लूटेन धरा. म्हणजे किलोभर ज्वारीत पाव ग्रॅमपेक्षाही कमी गव्हाचं पीठ पडलं की मर्यादा संपली. आमची गिरण आम्ही जुनी घेतली होती. खोलली तेव्हा दगडाच्या मागून ओंजळभर पिठाची घट्ट खरवड निघाली, तीही विकणाऱ्याने "धुऊनपुसून" दिल्यावर. शेवटी दगडासकट आतलं सगळं बदललं. ब्रश मारून आणि आधी शेरभर तांदूळ फिरवून हे जात नाही. यात गिरणवाल्याचा काही दोष नाही, त्याचा धंदाच गव्हाचा आहे.

म्हणूनच आम्ही बाहेरचं धान्य दळत नाही. "एक किलो तर आहे, टाका ना" म्हणून लोक रुसतात. पण किराणा दुकानात गव्हाच्या आणि ज्वारीच्या पोत्यात माप एकच फिरतं. एका ताईंनी निवडून आणलेली किलोभर ज्वारी आम्ही त्यांच्यासमोर ताटात पसरली, तर गव्हाचे अकरा दाणे निघाले. एक दाणा साधारण ४० मिलिग्रॅमचा, म्हणजे पाच दाण्यांतच किलोची मर्यादा भरली. तुमचं दळण घेतलं तर पुढच्याच्या पिठात ते जाणार. आमचा दर बाजारापेक्षा जास्त आहे तो या निवडण्याचा आणि दर लॉटच्या तपासणीचा.

ताज्या पिठाचा तुमचा आग्रह बरोबर आहे. ज्वारीचं पीठ जुनं झालं की विरी जाते, भाकरीला चिरा पडतात. बाजरीचं तर लवकर कडू होतं. त्यासाठी मंगळवारी आणि शुक्रवारी दळतो, पुडीवर दळल्याची तारीख असते, अर्धा किलोही मिळतं. विरी कमी वाटली तर उकळत्या पाण्यात उकड काढून मळा. घरघंटी असेल तर अख्खी ज्वारी आनंदाने देऊ, पण तिच्यात एकदाही गहू गेलेला नसावा. जुनी घरघंटी स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नका.

पीठ घरी नेल्यावर ते कणकेच्या डब्यात ओतू नका. चाळणी आणि लाकडी लाटणं वेगळं ठेवा, स्टीलची परात घासली की झालं. हिंगाची डबी उलटी करून वाचा: बांधानी हिंगात बहुतेकदा मैदा किंवा गव्हाचं पीठ असतं. खपली चालते का, हेही रोज कोणीतरी विचारतं. नाही. खपली गहूच आहे, पचायला कितीही हलका म्हणोत. सातूचं पीठ नको, थालीपिठाच्या भाजणीत गहू असतो (आमच्या भाजणीत नाही), आणि सत्यनारायणाचा प्रसाद रव्याचा. पोराला तिथे केळं द्या, देव समजून घेईल.

तांदूळ, पोहे, साबुदाणा, वरी तुमच्या नेहमीच्या दुकानातून घेतलीत तरी चालेल, नीट निवडून, तांदूळ-वरी धुऊन. आमच्याकडूनच घ्या असं म्हणणार नाही. पीठ तेवढं मात्र आमच्याकडून न्या.

धाकट्या भावंडाची तपासणी व्हायची असेल तर तोवर त्याचा गहू बंद करू नका. आधीच बंद केला तर रिपोर्ट फसवा येतो.

महिन्याच्या शेवटच्या मंगळवारी दगडांना टाकी लावतो, त्या दिवशी दळण नाही. आदल्या शुक्रवारी थोडं जास्त घेऊन ठेवा.