ड्रेसिंग की कोटिंग? पांढुरक्या पडलेल्या काळ्या प्लास्टिकला काय लावायचं

गाडी उघड्यावर उभी राहत असेल, तर चाकांवरची क्लॅडिंग (काळ्या प्लास्टिकची कड), बंपरची खालची पट्टी आणि वायपरखालची जाळी सगळ्यात आधी राखाडी पडते. उपाय म्हणून दुकानात 'ट्रिम रिस्टोरर' मागितलं की ड्रेसिंग किंवा कोटिंग यांपैकी काहीही हातात पडू शकतं. लावल्या लावल्या दोन्ही सारखीच काळीभोर दिसतात. फरक कळतो तो दोन-चार धुण्यांनंतर.

बाटली उघडण्याआधी प्लास्टिक धुऊन त्यावर पाणी मारून पाहा. ओलं असताना काळं आणि सुकल्यावर राखाडी दिसलं, तर ते उन्हानं खाल्लं आहे. ओलं असतानाही खाचांत पांढरे डाग दिसत असतील, तर ते बॉडी पॉलिश अडकून वाळलेलं आहे. ते ब्रशनं घासून काढायचं. त्याला दोन्हींपैकी काहीच लागत नाही.

हे भाग बहुधा पॉलिप्रॉपिलिनचे असतात. त्यात थोडं रबर, टाल्क आणि काळेपणासाठी कार्बन ब्लॅक मिसळलेलं असतं. उन्हातल्या अतिनील किरणांनी वरचा पातळ थर तुटतो, बारीक भेगा पडतात, प्रकाश विखुरतो आणि प्लास्टिक पांढुरकं दिसतं. आतला काळा रंग शाबूत असतो.

ड्रेसिंग म्हणजे मुख्यतः सिलिकॉन तेल. ते भेगा भरतं, म्हणून पाण्यानं ओलं झाल्यासारखाच काळेपणा येतो. मात्र ते प्लास्टिकला धरून बसत नाही. दुधाळ दिसणारी, पाण्यावर आधारलेली ड्रेसिंग काही आठवडे टिकते, पावसाळ्यात त्याहून कमी. जास्त लावली तर धूळ धरते आणि पावसात ओघळ रंगावर उतरतात. स्पंजावर थोडी घेऊन चोळायची, पाच-दहा मिनिटांनी कोरड्या फडक्यानं पुसायची. चूक झालीच तर शाम्पूनं निघते, हा तिचा मोठा गुण.

कोटिंगमध्ये द्रावकात विरघळलेली राळ (रेझिन) असते. द्रावक उडून जातं, राळ हवेतल्या ओलाव्याशी संयोग पावून कडक होते आणि पारदर्शक पापुद्रा प्लास्टिकला चिकटून बसतो. नीट बसली तर वर्षभर सहज निघतं. बाटली बहुधा छोटी असते, 30 किंवा 50 मिलिची. उग्र वास, सोबत स्पंज आणि 'एक दिवस पाणी लागू देऊ नका' ही सूचना. याउलट मोठी स्प्रे बाटली आणि 'लावा, पुसा, निघा' एवढंच लिहिलेलं असेल, तर ती ड्रेसिंग समजा.

कोटिंग फसते ती बहुतेक वेळा जुन्या ड्रेसिंगमुळे. खाचांत तेल राहिलं तर राळेला पकड मिळत नाही आणि महिन्याभरात ठिपके-ठिपके उडतात. म्हणून ऑल पर्पज क्लीनर 1 भाग, पाणी 10 भाग घेऊन नायलॉन ब्रशनं घासा. फेस मळकट निघतोय तोवर थांबू नका. दोन-तीन फेऱ्या लागतात. धुऊन पूर्ण वाळवा. सांध्यांत आणि क्लिपांमागे दडलेलं पाणी नंतर ओघळतं, तिथे ब्लोअर मारा. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन पांढऱ्या फडक्यानं पुसा. रंगाच्या कडेला मास्किंग टेप लावा.

गाडी सावलीत, प्लास्टिक हाताला थंड. स्पंजावर पाच-सहा थेंब घेऊन एका वेळी फूटभर भागच करा, आधी आडवं, मग उभं. बाटलीवर वेळ दिलेली नसेल तर एक-दोन मिनिटांत जास्तीचं पुसा. दमट हवेत राळ लवकर धरते, त्यामुळे कोकणात जुलैमध्ये हात आणखी चपळ हवा. पुसायचं राहिलं तर चकचकीत पट्टे उमटतात. ते वाळले की घासून काढावे लागतात आणि घासलं की प्लास्टिकचं टेक्श्चर जातं. वाळण्याआधी पावसाचे थेंब पडले तरी डाग राहतात.

वॉशिंग सेंटरवर डिझेल मारून काळं करून देतात, ते मात्र टाळाच. आजूबाजूची रबरी बीडिंग त्यानं फुगते.

लवकरच विकायची गाडी असेल तर ड्रेसिंग पुरे. रोज उन्हात उभी राहणारी असेल तर एक दिवस मोडून कोटिंगच करावी. कोटिंगवर नंतर ड्रेसिंग लावलेली चालते, उलटं चालत नाही. उघडलेल्या बाटलीत हवेचा ओलावा शिरला की कोटिंग आतच घट्ट होते, म्हणून उरलेली त्याच दिवशी आरशांच्या बुडाला आणि वायपरखालच्या जाळीला लावून संपवा. उरलेली ड्रेसिंग स्कूटरच्या फूटबोर्डला किंवा सीटला लावू नका. पाय घसरतो.